छोटी वेळ

१

दुपारी दीड वाजला की घड्याळजी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा. पूर्ण ओढलं तर गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडे जातं आणि उघडं ठेवलं तर सुखानं जेवू देत नाही, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. मग तो मागच्या खोलीत जायचा, डबा संपवायचा, हात दोनदा साबणानं धुवायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि गाडी सोडायचा.

गाडी म्हणजे आगगाडी. एक इंजिन आणि तीन डबे, सगळे मिळून करंगळीएवढे. रुळांमधलं अंतर एक मिलिमीटर. एकटं इंजिन तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. छोट्या गाड्यांच्या हौशी मंडळात खोलीभर टेबलं मांडून हातभर लांबीच्या गाड्या फिरवणारे सभासद होते. ते ही गाडी बघून म्हणायचे, "जपून हं, कोणी शिंकलं तर अपघात व्हायचा." घड्याळजी हसून सोडून द्यायचा. त्या सभासदांच्या इंजिनाच्या पोटात मोटर असायची, त्यात काय मोठंसं? याच्या इंजिनात मोटर मावणारच नव्हती. आत होतं फक्त मोहरीएवढं चुंबक. खरा कारभार फळीच्या खाली चालायचा. तिथे तांब्याच्या शेकडो बारीक वेटोळ्यांची रांग होती, आणि एकामागून एक वेटोळ्यात वीज खेळली की वरचं चुंबक पुढे ओढलं जायचं. गाडी ना अडखळायची, ना आवाज करायची. एवढ्या लहान मापात गाडी चालवून दाखवणारं मंडळात दुसरं कोणी नव्हतं.

एक फेरी सहासष्ट सेकंदांची. विजेचा तो ताल घड्याळजीनं स्वतः बांधला होता, आणि त्यात चूक निघाली असती तर त्यानं दुकानाची पाटी उतरवून ठेवली असती. रोज जेवणानंतर एक फेरी मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा, हा त्याचा नेम. तीन महिने वहीत सहासष्टाखाली सहासष्ट असे रकाने भरले होते.

त्या मंगळवारी एकाहत्तर आले.

बटणावर अंगठा चुकला, असं म्हणून त्यानं पुन्हा मोजलं. एकाहत्तर. तिसऱ्या वेळी त्यानं घड्याळाकडे न बघता गाडीकडेच डोळा लावून मनात सेकंद मोजले. गाडी पूल ओलांडून डोंगराखालच्या बोगद्यात शिरली. चार सेकंदांत पलीकडून तिचं तोंड दिसायला हवं होतं. ते नऊ सेकंदांनी दिसलं. बाकी सगळीकडे तिचा वेग नेहमीचाच होता.

म्हणजे गाडी बोगद्यात पाच सेकंद थांबत होती. आणि बोगद्यात कुठलंही स्टेशन नव्हतं.

२

ही गाडी त्याच्या एकट्याची नव्हती. अर्ध्याहून जास्त ती बारीकरावांची होती.

बारीकराव पलीकडच्या गल्लीत श्रवणयंत्रं दुरुस्त करायचे. अंगानं चांगले आडवेतिडवे, दारातून येताना दाराला विचारावं लागे. पण काम असं बारीक की मंडळानं त्यांना हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. दुपारी ते यायचे, अर्ध्या शटरवर वाकड्या बोटानं दोनदा वाजवायचे, टक टक, आणि कंबर धरून वाकत आत शिरायचे. "अरे, हे शटर तरी माझ्या मापाचं ठेव," हे रोजचं वाक्य. केसाहून बारीक तार हातानं गुंडाळणं त्यांना कानाच्या यंत्रांमुळे जमत होतं. वेटोळ्यांची कल्पना त्यांची. ताल घड्याळजीचा.

दोष शोधायची युक्तीही त्यांचीच. श्रवणयंत्राला फोनसाठी एक खटका असतो. तो फिरवला की यंत्र बाहेरचे आवाज सोडून देतं आणि फक्त जवळच्या विजेची, चुंबकाची गुणगुण ऐकवतं. बारीकराव कानात यंत्र घालून, खटका फिरवून फळीवर कान फिरवायचे. जिथे गुणगुण तुटली तिथे वेटोळं मेलेलं. "गाडी डोळ्यांनी बघायची नसते, कानानं बघायची असते," असं ते म्हणत.

फळीच्या कोपऱ्यात एक घड्याळही बसवलं होतं. या छंदात सगळं जग लहान केलं की गावं वीतभर अंतरावर येतात आणि खऱ्या घड्याळानं वेळापत्रक काही जमत नाही. म्हणून घड्याळजीनं एक जुनं खिशातलं घड्याळ उघडून ते बारापट वेगानं पळवलं होतं. आपले पाच सेकंद म्हणजे तिथलं एक मिनिट. दोघं त्याला छोटी वेळ म्हणायचे. "मोठ्या वेळेत चार वाजले, आता घरी जा," घड्याळजी म्हणायचा. "छोट्या वेळेत अजून उजाडायचंय," असं म्हणून बारीकराव बसून राहायचे.

बारीकरावांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. उजव्या कानातलं यंत्र नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधून दिलेलं. दुपारी झोपताना त्या ते काढून डबीत ठेवत. त्या घरात एक हाक होती. बारीकराव भिंतीवर किंवा दारावर, खाली जमिनीजवळ, ठोकायचे: तीन जवळजवळ, मग थांबून एक. जाग असली तर वहिनींना ते पायांना कळायचं. "आमच्यात नावानं हाक मारत नाहीत, ठोकून मारतात," असं त्या हसत सांगत.

घड्याळजीसाठी दोन आणि वहिनींसाठी तीन आणि एक. हे त्याला पक्कं माहीत होतं.

३

बारीकराव जाऊन पाच महिने झाले होते. त्या दुपारी काय झालं ते घड्याळजीनं सगळ्यांना त्याच त्या शब्दांत सांगितलं होतं, इतक्यांदा की आता त्याला ते पाठ होतं.

"तेव्हा फळी त्यांच्या घरी होती, आम्ही दोघं तिथे गाडीपुढे बसलो होतो. पहिल्यांदाच ती न थांबता दहा फेऱ्या धावली. सहाशे साठ सेकंद, बरोबर अकरा मिनिटं. बारीकरावांचे डोळे भरून आले. मग ते फडकं आणायला म्हणून कोठीच्या खोलीत गेले आणि पडले. मी लगेच धावलो, पण तोवर संपलं होतं."

डॉक्टरांनीही हृदय असंच लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. फक्त आठवड्याभरानं वहिनींनी त्याला बाजूला घेतलं.

"भावजी, खरं सांगा. त्यांनी मला हाक मारली का हो? माझं यंत्र डबीत होतं. मी झोपले होते."

"नाही वहिनी," तो म्हणाला होता. "एकही नाही. तेवढा वेळच नव्हता."

वहिनी तोंडाला पदर लावून रडल्या, पण रडण्यात सुटका होती. त्या रात्री त्या पहिल्यांदा झोपल्या, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. तेव्हापासून भेटेल त्याला त्या म्हणत, "भावजी होते म्हणून कळलं तरी. नाहीतर मी जन्मभर कुढत बसले असते." आणि प्रत्येक वेळी घड्याळजी मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

आता मंडळाचं प्रदर्शन तोंडावर होतं, दुसऱ्या रविवारी. फळीशेजारी लावायचं कार्डही तयार होतं: दोघांची नावं, पहिल्या अखंड धावेची तारीख, आणि खाली 'दहा फेऱ्या, अकरा मिनिटं'. बटण वहिनी दाबणार होत्या. डोंगरही त्यांच्यामुळेच झाला होता. जुनं सुती कापड चिकात भिजवून सांगाड्यावर पसरलं की वाळल्यावर त्याचा छान डोंगर होतो. वहिनींनी त्यासाठी बारीकरावांचा एक सदरा आणून दिला होता. "तेवढेच ते गाडीवर पांघरूण घालतील," त्या म्हणाल्या होत्या.

त्या सदऱ्याच्या डोंगराखाली घड्याळजीनं बोगदा केला होता. बोगद्याचं तोंड मसुराएवढं.

४

बुधवारी शहात्तर. गुरुवारी एक्क्याऐंशी.

बिघाड असा शिस्तीत वाढत नाही. तारा सैल होतात, धूळ बसते, चुंबक उतरतं, पण ते सगळं कसं वेडंवाकडं होतं; रोज नेमके पाच सेकंद कोणी वाढवत नाही. घड्याळजीनं तरीही सगळं करून पाहिलं. डबे बदलले. चुंबक बदललं. शुक्रवारी त्यानं डोंगर अलगद उचलून बाजूला ठेवला आणि गाडी सोडली. सहासष्ट. डोंगर परत ठेवला. शहाऐंशी.

घरी बायको म्हणाली, "गाडीच आहे ती, उशीर करणारच. तुम्ही भाजीत मीठ आहे का नाही तेवढं सांगा." त्यानं पानाकडे पाहिलं. तो कधीपासून नुसता हात लावून बसला होता.

"काय झालंय? परवापासून बघतेय."

"प्रदर्शनाचं टेन्शन."

"तुम्हाला? तुम्ही तर लग्नात पण जांभया देत होतात."

तो हसला. मग हात धुवायला उठला आणि नळ सोडून बराच वेळ तसाच उभा राहिला. तिला सांगावं असं त्याला फार वाटलं. पण गाडीचं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी त्यानं खणातून बारीकरावांचं तपासायचं यंत्र काढलं. कानातल्या मळाचा वास अजून त्याला होता. त्यानं ते कानात बसवलं, खटका फिरवला, आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज एकदम गेला. आता फक्त फळीची गुणगुण. त्यानं कान रुळांच्या मागोमाग फिरवला. पुलाखाली ठीक. वळणावर ठीक. गाडी बोगद्यात शिरली तसा तो डोंगराला कान टेकवून वाकला. सदऱ्याचं वाळलेलं कापड गालाला खरखरीत लागलं.

गुणगुण तुटली नाही. म्हणजे एकही वेटोळं मेलेलं नव्हतं. पण गुणगुणीच्या मागे, खूप आतून, काहीतरी वाजत होतं.

टक टक टक. टक.

त्यानं यंत्र कानातून ओढून काढलं. सैल तार, तो स्वतःला म्हणाला. सैल तार वाजते. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हे मोठ्यानं म्हणालो.

५

पुढच्या शुक्रवारी एकशे एकवीस आले. शनिवारीही एकशे एकवीसच.

घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. वाढ थांबली होती. पंचावन्न सेकंदांचा मुक्काम, तर पंचावन्न सेकंदांचा. लोकांना सांगता येईल, बोगद्यात सिग्नल आहे म्हणून. लोक उलट कौतुक करतील. त्यानं फडकं घेतलं आणि प्रदर्शनासाठी फळी पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता कोपऱ्यातल्या छोट्या घड्याळाची काच आली. गाडी चालूच होती. ती बोगद्यात शिरली तेव्हा छोटा काटा वीसवर होता. त्यानं काच पुसली, पुन्हा पुसली. गाडी बाहेर आली तेव्हा काटा एकतीसवर होता.

अकरा मिनिटं. बारापट पळणारं घड्याळ त्यानंच केलं होतं, आणि तरी अकरा दिवस तो मोठ्या वेळेतच मोजत बसला होता.

आता खरं काय झालं ते सांगायला हवं.

बारीकराव दहा फेऱ्या बघून उठलेच नव्हते. ते पहिल्या फेरीच्याही आधी उठले होते. "फडकं आणतो, तू सुरू कर," असं म्हणून ते कोठीच्या खोलीकडे गेले. घड्याळजीनं गाडी सुरू केली. तेव्हा एक जोड कच्चा होता, चिमट्यानं तार दाबून धरावी लागे. हात काढला की गाडी थांबायची. दुसऱ्या फेरीला आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग ठोकणं सुरू झालं. तीन आणि एक.

ही वहिनींची हाक आहे, त्यानं मनाशी म्हटलं. माझी दोनाची असते. त्या जातील. वहिनी झोपल्या आहेत हे त्याला माहीत होतं, यंत्राची डबी समोरच्या फडताळावर त्याला दिसत होती. आणि गाडी धावत होती, तीन वर्षांत पहिल्यांदा न अडखळता धावत होती. चौथ्या फेरीला तो नुसता ओरडला, "आलो, आलो!" आपण सगळेच ओरडतो तसा, जागचं न हलता. त्याबरोबर ठोकणं थांबलं. तो येतोय असं आतल्या माणसाला वाटलं असणार. एक फेरीभर शांतता होती. मग ते पुन्हा सुरू झालं, हळू.

आठव्या फेरीला ते कायमचं थांबलं. आणि घड्याळजीला तेव्हा बरं वाटलं होतं. हे तो कोणालाच, स्वतःलाही, सांगू शकला नव्हता. आवाज थांबला म्हणून त्याला बरं वाटलं, कारण आता शांतपणे मोजता येत होतं. त्यानं दहा फेऱ्या पूर्ण केल्या, वहीत अकरा मिनिटं लिहिली, आणि मग तो उठला.

वेळेवर उठला असता तर बारीकराव वाचले असते का, हे कोणी सांगू शकत नव्हतं. तो दररोज स्वतःला विचारायचा आणि दररोज उत्तर आलं की त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

६

त्यानं त्याच दुपारी बोगद्यात बघायचं ठरवलं. माणूस भीतीनं जे करत नाही ते कधीकधी वैतागून करतो.

इंजिनाच्या नाकावर त्यानं घड्याळाच्या काट्यांना लावतात तो चमकता रंग टोचला होता, सुईच्या अग्राएवढा. अंधारात त्याचा फिकट हिरवा उजेड पडायचा. म्हणजे बोगद्यात गाडी उभी असताना तोंडाशी भिंग धरलं तर आतली भिंत दिसायला हवी. भिंत त्यानं स्वतः काळी रंगवली होती, नुसता काळा पुठ्ठा. तोच दिसेल आणि विषय संपेल.

त्यानं खोलीतला दिवा घालवला, दाराची फट कापडानं बुजवली आणि फळीवर हनुवटी टेकवली. गाडी शिरली. थांबली. त्यानं मसुराएवढ्या भोकाला डोळा लावला.

आधी नुसता अंधार. मग डोळा सरावला आणि खालची जमीन दिसली. काळ्या-पांढऱ्या फरशा, एक आड एक. त्यानं बोगद्यात फरशा घातल्या नव्हत्या. फरशांच्या टोकाला लाकडाचं काहीतरी उभं होतं, आणि त्याच्या खालच्या कडेला पत्रा ठोकलेला होता, उंदरांनी दार कुरतडू नये म्हणून ठोकतात तसा. पत्र्याला पाच खिळे होते. चौथा वाकडा होता.

तो खिळा त्याच्याच हातून वाकला होता. बारीकरावांकडच्या कोठीच्या खोलीचा पत्रा त्यानंच दोन वर्षांपूर्वी ठोकून दिला होता.

पत्रा आतून थरथरला. तीनदा. मग एकदा.

त्याचं डोकं मागच्या कपाटावर आपटलं तेव्हा त्याला कळलं की आपण उडून मागे पडलो. त्यानं दिवा लावला, डोंगर उचलला. आत काळा पुठ्ठा होता, आणि त्यावर त्याच्याच ब्रशाचा एक केस चिकटलेला होता.

७

प्रदर्शनाला त्यानं डोंगर नेला नाही. म्हणजे नेला, पण पिशवीत घालून टेबलाखाली ढकलला. उघड्या फळीवर गाडी सहासष्ट सेकंदांत सुरळीत फिरत होती. सभागृहात मोठ्या गाड्यांचा खडखडाट चालला होता, शिट्या वाजत होत्या, आणि घड्याळजीच्या टेबलाशी लोक रांग लावून भिंगातून बघत होते. मंडळाचे अध्यक्ष येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "शिंकू नका हं कोणी." त्याला वाटलं, निभावतंय.

वहिनी आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "डोंगर कुठाय?"

"राहिला घरी, वहिनी. गडबडीत..."

"ही काय पिशवी," त्या म्हणाल्या. सदऱ्याचं कापड पिशवीतून डोकावत होतं. "तुम्ही पण ना, भावजी! यांना टेबलाखाली बसवलंत?" त्या हसल्या, आजूबाजूचे हसले. त्यांनी स्वतः वाकून डोंगर काढला, धूळ झटकली आणि फळीवर त्याच्या जागी बरोबर बसवला. घड्याळजीचा हात मध्ये गेला होता. तो त्यानं मागे घेऊन गाडी थांबवली. इतक्या लोकांसमोर काय कारण सांगणार होता?

"आता मी बघते तुमची गाडी. हे म्हणायचे तशी. कानानं." त्यांनी उजव्या कानातल्या यंत्राचा खटका बोटानं फिरवला आणि डोंगरावर कान टेकवला.

बटण त्यांनीच दाबलं. गाडी निघाली, पूल ओलांडला, बोगद्यात शिरली.

घड्याळजी छोट्या घड्याळाकडे बघत राहिला, कारण वहिनींच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती नव्हती. एक मिनिट. दोन. मग न राहवून त्यानं पाहिलं. त्यांच्या ओठांवर अजून हसू होतं, पण डोळे विझले होते. त्यांचा डावा हात टेबलावर होता आणि बोटं आपोआप हलत होती. तीन, आणि एक. तीन, आणि एक. छोट्या वेळेत तिसरं मिनिट उलटलं तशी बोटं थांबली, आणि बराच वेळ नुसती उचललेली राहिली. मग पुन्हा, हळू. आठव्या मिनिटाला ती टेबलावर पडली आणि पुन्हा उठली नाहीत. तरी वहिनींनी कान काढला नाही. गाडी बाहेर येईपर्यंत त्या तशाच वाकून होत्या.

त्या सरळ झाल्या. त्यांनी खटका परत फिरवला. मग शेजारचं कार्ड वाचलं, तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि पुन्हा एकदा शेवटची ओळ.

"भावजी, ही माझी हाक आहे."

"वहिनी, आत एखादी तार सैल..."

"मधे थांबले होते ते," वहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता. "कोणीतरी आलो म्हटल्यावर थांबतात तसे. माझ्यासाठी ते असेच थांबायचे."

मागे कोणाची तरी गाडी शिटी वाजवत गेली.

"पाच महिने मी एवढ्यावर जगले, की त्यांनी हाकच मारली नाही. माझं यंत्र डबीत होतं. मला ऐकू येणं शक्यच नव्हतं." त्यांनी आधी त्याच्या एका कानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. "पण तुमचे तर दोन्ही कान चांगले आहेत ना, भावजी?"

त्यांनी आपल्या कानातलं यंत्र काढलं, बोगद्याच्या तोंडाशी ठेवलं आणि त्या निघाल्या. अध्यक्षांनी मागून दोनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही, पाहणार कशा?

गाडी दुसऱ्या फेरीला निघाली होती. घड्याळजीनं ते यंत्र उचललं. ते अजून गरम होतं. कोणी सांगितल्यासारखं त्यानं ते कानात घातलं आणि खटका फिरवला. सभागृह गेलं, शिट्या गेल्या, राहिली फक्त गुणगुण. गाडी पूल ओलांडून बोगद्यात शिरली आणि तो डोंगरावर वाकला.

त्याला वाटलं होतं, तीन आणि एक. त्यासाठी त्यानं दात आवळून धरले होते.

टक टक.

मग शांतता. मग पुन्हा, टक टक. दोनच. वाकड्या बोटानं अर्ध्या शटरवर वाजवल्यासारखे.

छोट्या घड्याळात अकरा मिनिटं झाली. मग बारा, मग वीस. गाडी बाहेर आली नाही. अध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारत होते, बहुतेक बिघडली का म्हणून, पण कानात त्यांचा आवाज येत नव्हता. तिथे फक्त टक टक होतं, आणि ते काही घाईत नव्हतं.

"आलो," घड्याळजी म्हणाला.

त्याबरोबर आवाज थांबला. तो डोंगरावर तसाच वाकून राहिला, जागचा न हलता. आत कोणीतरी वाट बघत होतं, आणि गाडी अजून बोगद्यातच होती.